कशावरून?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'कशावरून?' हा मराठीतला फार जुना आणि फार उपयोगी प्रश्न. भाजीवाली म्हणाली, 'मेथी आज सकाळचीच आहे', की आपण विचारतो, कशावरून? पारावर कुणी म्हणालं, 'यंदा पाऊस उशिरा येणार', की चार जण एकदम विचारतात, कशावरून? बाजारात, ओट्यावर, एसटीच्या थांब्यावर हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला मात्र तो क्वचितच ऐकू येतो. पुस्तकात छापलंय, बाईंनी फळ्यावर लिहिलंय, परीक्षेत येणार आहे. एवढं तिथं पुरतं.

मी तीसेक वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास शिकवला. त्यातली बरीच वर्षं नववीच्या मुलांकडून मी दरवर्षी एक छोटासा शोधनिबंध लिहून घेत असे. चार-पाच पानांचा, पण खराखुरा. 'शाळकरी मुलांना कसलं आलंय संशोधन? त्यांना आधी सनावळ्या तरी धड पाठ होऊ देत,' असं पालकही म्हणायचे आणि शिक्षकांच्या खोलीतली मंडळीही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण या प्रकाराला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की मुलांना शोधनिबंध लिहायला शिकवणं ही चैन वाटत नाही. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या शाळांत 'प्रकल्प' नावाचा एक प्रकार असतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, कात्रीनं कापून चिकटवायचे, रंगीत पेनानं मथळे काढायचे आणि पुठ्ठ्याच्या फायलीत बांधून द्यायचे. 'महाराष्ट्रातील किल्ले', पानं पंचवीस, अक्षर सुवाच्य. आणि ते अक्षर बहुधा ताईचं किंवा आईचं! अशा फायलीत चूक काही नसतं. पण प्रश्नही नसतो. प्रकल्पात माहिती गोळा करायची असते. शोधनिबंधात एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं, ते कशावरून दिलं हे सांगायचं असतं, आणि वाचणाऱ्याला ते तपासून बघता येईल अशी वाट मोकळी ठेवायची असते. पानं पाच असोत की पन्नास, या तीन गोष्टी असल्या की तो शोधनिबंध.

ही पद्धत विद्यापीठांतल्या बड्या प्राध्यापकांची, असा आपला समज असतो. पण तिचा माग काढत गेलं तर एक शाळामास्तर भेटतो. लिओपोल्ड फॉन रांके हे आधुनिक इतिहासलेखनातलं मोठं नाव. १८१८ साली हा तरुण जर्मनीत ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट गावातल्या माध्यमिक शाळेत शिकवायला लागला. तिथं तो सात वर्षं होता. मुलांना शिकवायच्या तयारीसाठी तो जुने ग्रंथ वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की एकाच घटनेविषयी दोन नामवंत लेखक दोन गोष्टी सांगताहेत. मग खरं कुणाचं? या अडचणीतून त्याचं पहिलं पुस्तक निघालं, १८२४ साली. त्याला त्यानं जोड दिली ती जुन्या इतिहासकारांची उलटतपासणी घेणाऱ्या एका वेगळ्या भागाची. इटलीतला ग्विच्चार्दिनी हा तोवर प्रमाण मानला गेलेला लेखक. त्याच्या मजकुरातला किती भाग दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेला आहे आणि किती भरवशाचा नाही, हे रांकेनं दाखवून दिलं. दुसऱ्याच वर्षी त्याला बर्लिन विद्यापीठात बोलावणं आलं.

बर्लिनमध्ये त्यानं आणखी एक गोष्ट केली. १८३०च्या दशकात तो निवडक विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी जमवू लागला. तिथं व्याख्यान नसे. एका विद्यार्थ्यानं जुनी साधनं तपासून काही लिहून आणायचं, वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्याला कशावरून, कशावरून म्हणून भंडावून सोडायचं. आज ज्याला आपण सेमिनार म्हणतो, त्याचा इतिहास या विषयातला पाया तिथं घातला गेला. तिथून ही पद्धत जर्मन विद्यापीठांत पसरली, आणि अमेरिकेत १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालं, तेव्हा तिथंही रुजली.

विद्यापीठातली ही पद्धत पुन्हा शाळेत आणण्याचा एक धाडसी प्रयत्न केला तो मेरी शेल्डन बार्न्स या अमेरिकन शिक्षिकेनं. १८८५ साली तिनं शाळांसाठी जगाच्या इतिहासाचं एक पुस्तक काढलं. त्यात सलग गोष्ट सांगितलेली नव्हती. मूळ साधनांतले उतारे, याद्या, नकाशे दिले होते आणि त्यांखाली प्रश्न विचारले होते. उत्तरं मुलांनी उतारे वाचून काढायची. असं पुस्तक घेऊन शिकवणं किती अवघड असेल, हे शिक्षकाला सांगायला नको. धड्याखालची उत्तरं पाठ करून घेण्याची सोयच त्यात नव्हती!

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे वि. का. राजवाडे कागदांच्या मागे गावोगाव हिंडत होते. त्यांना वाईला जुनी दप्तरं मिळाली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे तिचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. कुणी सनद आणायचा, कुणी ताम्रपट, कुणी माळ्यावरचं रुमालात बांधलेलं दप्तर. त्यावर निबंध वाचायचे आणि इतरांनी शंका काढायच्या. रांकेच्या दिवाणखान्यात चाले तेच इथं चाले, फक्त बैठक मराठी होती. पण मोठ्यांची ही शिस्त आपल्या शाळेत काही उतरली नाही. राजवाड्यांनी शोधलेली माहिती पाठ्यपुस्तकात आली; ती त्यांनी कशी शोधली, हे आलं नाही.

म्हणून मी नववीच्या वर्गात सुरुवात अशा उदाहरणापासून करत असे, की ज्याचं उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? साठ हात वर. '१९ फेब्रुवारी १६३०, बाई!' मी विचारायचे, कशावरून? वर्ग गप्प. मग मी सांगायचे, की तुमच्या पणजोबांना शाळेत हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी १६२७ साल सांगितलं असतं. तेव्हा हातातली पेनं खाली यायची आणि मुलं कान टवकारून ऐकू लागायची.

उत्तरकालीन बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म शके १५४९ मधला, वैशाख शुद्ध द्वितीयेचा मानला जाई. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याकडची एक शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली. टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. आता आली का पंचाईत! पुढे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी तंजावरला मिळाली. हे काव्य महाराजांच्या हयातीतलं. त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच. राजस्थानात जोधपूरला मिळालेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली होती. तीही याच तिथीशी जुळली. मावळ, तंजावर आणि जोधपूर. एकमेकांपासून शेकडो कोसांवरचे तीन कागद एकच गोष्ट सांगत होते. तरीही विद्वानांत वाद झडत राहिले आणि राज्य सरकारनं जयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती कितीतरी वर्षांनी.

एवढं ऐकलं की एखादा मुलगा हटकून विचारायचा, 'बाई, मग बखरी खोट्या?' हा प्रश्न आला की माझा तास सार्थकी लागला असं मी समजत असे. खोट्या नव्हेत. पण बखर कधी लिहिली, कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, घटनेपासून किती वर्षांनी लिहिली, हे विचारून मगच तिचं ऐकायचं. एकाच साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. आणि दुसरा साक्षीदार पहिल्याचंच ऐकून बोलत असेल, तर त्याला दुसरा म्हणून मोजायचं नाही. संशोधनाचं शास्त्र म्हणून जे मोठ्या पुस्तकांत सांगतात, त्याचा बराचसा गाभा एवढाच आहे, आणि तो चौदा वर्षांच्या मुलाला एका तासात कळतो.

अवघड असतं ते पुढचं, म्हणजे स्वतःचा प्रश्न शोधणं. मुलं पहिल्यांदा जे विषय आणतात ते आभाळाएवढे असतात. 'मराठ्यांचा इतिहास', 'दुसरं महायुद्ध', 'भारतीय स्त्री'. त्यावर लिहायचं म्हणजे पुस्तकातून उतरवणंच येणार. म्हणून माझी पहिली अट अशी, की प्रश्नाचं उत्तर मला स्वतःलाही माहीत नसलं पाहिजे. आपली शाळा ज्या जागेवर आहे तिथं आधी काय होतं? आपल्या पेठेचं नाव कधी आणि का बदललं? गावातला आठवडी बाजार त्याच वारी का भरतो? १९७२च्या दुष्काळात आपल्या गल्लीत पाणी कुठून यायचं? असे प्रश्न निघाले की बाईही विद्यार्थिनी होतात, आणि मुलांना याची फार गंमत वाटते.

दुसरी अट साधनांची. किमान तीन हवीत, आणि त्यांतलं एक तरी पुस्तकाबाहेरचं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची नोंद, सातबाराचा जुना उतारा, विहिरीवरचा किंवा देवळावरचा शिलालेख, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, आजीची आठवण. इंग्रजी अमदानीत जेम्स कॅम्बेलनं संपादलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्सही कामाला येत. पुणे आणि सातारा जिल्ह्यांची १८८५ साली निघाली. त्यात आपल्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या, बाजाराचा दिवस, आसपासच्या घाटवाटा सापडल्या की मुलं हरखून जात. मग मी विचारायचे, हे लिहिणारा कोण होता? साहेबाला ही माहिती कुणी दिली असेल? त्यानं काय पाहिलं नसेल?

तिसरी अट टिपणांची. वहीत सलग उतरवायचं नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच मुद्दा लिहायचा आणि त्याच कागदावर तो कुठून मिळाला ते लिहायचं. पुस्तक असेल तर पान, माणूस असेल तर नाव, गाव, वय आणि भेटीची तारीख. हा नियम मुलांना जाचक वाटतो. पण लिहायला बसल्यावर त्याच चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडून क्रम लावता येतो, आणि तळटीप लिहिताना 'हे कुठं बरं वाचलं होतं?' म्हणून डोकं खाजवावं लागत नाही. तळटीप ही विद्वत्ता दाखवण्यासाठी नसते. मी हे इथून घेतलं, तुम्हीही जाऊन बघा, असा तो वाचणाऱ्याला दिलेला पत्ता असतो. शिवाय ज्याचं घेतलं त्याला त्याचं श्रेय देणं हा साधा सभ्यपणा आहे.

शेवटची अट मात्र माझी आवडती. निबंधाच्या अखेरीस एक परिच्छेद असा लिहायचा, की मला काय सापडलं नाही.

एका मुलीनं दुष्काळावर लिहिलं होतं. तिची आजी दुष्काळाच्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीच्या आठवणी आजीनं भरभरून सांगितल्या. पण मुलगी तलावावर गेली, तर तिथल्या दगडावर साल होतं दुष्काळानंतरचं. ती रडकुंडीला आली. आजी खोटं कसं बोलेल? आम्ही दोघी बसलो. दगडावर जे साल कोरतात ते काम सुरू झाल्याचं की पुरं झाल्याचं? मग तिनं त्या कामावरच्या आणखी दोन म्हाताऱ्यांना गाठलं. काम दुष्काळात निघालं, मध्येच थांबलं आणि नंतर पुरं झालं, असं दोघांनी सांगितलं. तिनं निष्कर्ष लिहिला, की दगड बरोबर आहे आणि आजीही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या दिवसांविषयी बोलताहेत. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, की काम मध्येच का थांबलं याचा कागद मिळाला नाही. चौदाव्या वर्षी हे उमगलेलं मूल पुढे वर्तमानपत्र वाचताना, मत देताना, घरातलं भांडण ऐकताना काही वेगळं वागेल, असा माझा भरवसा आहे.

मग हे सगळीकडे का होत नाही? शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. साधा हिशेब करून बघा. एका तुकडीत साठ मुलं, अशा तीन तुकड्या. एकशे ऐंशी निबंध. एकेक नीट वाचून शेरे लिहायला अर्धा तास धरला तरी नव्वद तास झाले, आणि तेही एकदाच वाचायचा म्हटलं तर. निबंध सुधारून दुसऱ्यांदा लिहून घ्यायचा तर दुप्पट. हे तास वेळापत्रकात कुठंच नसतात. मी ते निभावलं ते दरवर्षी एकाच तुकडीपुरतं.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत कॉन्कॉर्ड गावचे विल फिट्झह्यू हे इतिहासाचे शिक्षक. शाळकरी मुलांचे इतिहासावरचे शोधनिबंध छापणारं 'द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू' नावाचं त्रैमासिक त्यांनी १९८७ साली सुरू केलं. त्यांच्याच पुढाकारानं २००२ साली तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांतल्या इतिहास शिक्षकांची एक पाहणी झाली. शोधनिबंध महत्त्वाचा आहे असं १०० पैकी ९५ शिक्षकांनी सांगितलं. पण तीन ते पाच हजार शब्दांचा निबंध ६२ टक्के शिक्षक कधीच देत नव्हते, आणि पाच हजारांहून मोठा ८१ टक्के. कारण हेच, तपासायला वेळ नाही. ज्याचं महत्त्व सगळ्यांना पटतं आणि ज्यासाठी कुणालाच वेळ देता येत नाही, अशा गोष्टींतली ही एक.

यावर एक उपाय जर्मनीनं काढला, आणि त्यातून जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. १९७३ साली तिथले राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि हॅम्बुर्गचे उद्योजक कुर्ट क्यॉर्बर यांनी शाळकरी मुलांसाठी इतिहास संशोधनाची स्पर्धा सुरू केली. विषय देशभर एकच, पण प्रत्येकानं तो आपल्या गावात शोधायचा. सोबत, काम कसं केलं, कुठं अडलं, हेही लिहून द्यायचं. १९८०-८१च्या फेरीत विषय होता, नाझी राजवटीतलं रोजचं जीवन.

तीन नद्यांच्या संगमावर वसलेलं बव्हेरियातलं पासाउ हे जुनं गाव. तिथली विशीच्या उंबरठ्यावरची आना रोसमुस ही मुलगी या स्पर्धेसाठी कामाला लागली. आपल्या गावानं हिटलरला दाद दिली नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेच लिहायचं, म्हणून ती पुरावे शोधायला गेली. कागद निराळंच सांगू लागले. गावातली प्रतिष्ठित माणसं त्या राजवटीत सामील असल्याचं दिसू लागलं. मग दप्तरं तिला मिळेनाशी झाली. लोक बोलेनासे झाले. धमक्या आल्या. कागद पाहायला मिळावेत म्हणून तिला कोर्टात जावं लागलं, आणि ती जिंकली. १९८३ साली तिचं पुस्तक आलं. त्याला पुढच्या वर्षी एक मानाचा पुरस्कार मिळाला, आणि १९९० साली तिच्या कहाणीवर चित्रपटही निघाला. १९९४ मध्ये ती जर्मनी सोडून अमेरिकेत गेली. सुरुवात कशानं झाली होती? शाळकरी मुलांसाठीच्या एका निबंध स्पर्धेनं.

रशियात 'मेमोरियल' या संस्थेनं १९९९ पासून अशीच स्पर्धा घेतली. मुलांनी आपल्या घराण्याचा, गावाचा विसाव्या शतकातला इतिहास शोधायचा. खेड्यापाड्यांतली मुलं आजोबांची पत्रं, छळछावण्यांतून परतलेल्यांच्या आठवणी लिहून पाठवू लागली. २०१६ साली मॉस्कोत बक्षीस समारंभाला आलेल्यांवर निदर्शकांनी अंडी आणि हिरवं औषध फेकलं. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं संस्थाच बरखास्त करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी त्याच संस्थेला शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मुलांच्या निबंधांची एवढी भीती का वाटावी? कारण मुलं भाबडेपणानं विचारतात, कशावरून?

आपण याहून फार निराळे आहोत असं समजायचं कारण नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. निमित्त होतं एका पुस्तकातल्या मजकुराचं. त्या मजकुराला कागदपत्रांनी खोडून काढण्याची वाट मोकळी होती. मोडतोडीत नुकसान झालं ते मात्र आपल्याच ग्रंथसंग्रहाचं. ज्या पिढीला शाळेत पुराव्यानं वाद घालायला शिकवलेलं नसतं, तिला वादाचा दुसरा प्रकार ठाऊक नसतो.

शाळकरी मुलांच्या लिखाणाला कमी लेखणाऱ्यांना मी नेहमी एक नाव सांगते. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मातंग समाजातल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग आणि महार समाजाची दुःखं तिनं त्यात मांडली, पेशवाईतल्या जुलमाच्या ऐकलेल्या हकिकतीही नोंदवल्या. तो शोधनिबंध नव्हता. पण आज एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्याला तो निबंध टाळून पुढे जाता येत नाही. शाळेतल्या मुलीनं लिहिलेली पानं स्वतःच इतिहासाचं साधन होऊन बसली. तेव्हा वर्गात बसलेलं कोणतं मूल काय लिहून ठेवेल, हे आपण आधीच ठरवू नये.

आता नवी अडचण आली आहे. विषय सांगितला की संगणकच पाच पानांचा नीटनेटका निबंध लिहून देतो. त्यात कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही असतात, तेही पानांच्या आकड्यांसह! शिक्षक चिंतेत आहेत, आणि ती चिंता रास्त आहे. पण आपल्या गल्लीतल्या विहिरीवरचा दगड वाचायला संगणक जाणार नाही. आजीसमोर बसून, ती बोलता बोलता मध्येच का थांबली हे तो पाहणार नाही. प्रश्न जितका जवळचा, तितकी उसनवारी अवघड. शिवाय यंत्रानं दिलेलं प्रत्येक वाक्य घेऊन 'कशावरून?' असं विचारत संदर्भ तपासायला लावणं, हाही नववीच्या मुलांसाठी उत्तम पाठ होईल.

शाळांना सगळं जमेल न जमेल. घरच्यांना मात्र बरंच करता येण्याजोगं आहे. जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि साल लिहून ठेवा. खरेदीखतं, पत्रं, आजोबांचा शाळेचा दाखला रद्दीत जाऊ देऊ नका. घरात मोडी कागद असतील तर मोडी वाचणारा माणूस शोधा. मूल वही घेऊन समोर बसलं आणि आपलं घराणं या गावात कधी आलं, असं विचारू लागलं, तर टीव्हीचा आवाज थोडा कमी करा आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढा. आणि तुम्ही सांगत असताना त्यानं मध्येच 'कशावरून?' म्हटलं, तर त्याला उद्धट म्हणू नका.